अंध वापरकर्त्याने लिनक्सकडे वळावं का, आणि वळायचं तर सुरुवात कुठून करावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर मिळतील अशी सोय ठेवली, पण शेवट ठरलेलाच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे हजारो लॅपटॉप एका फटक्यात 'जुने' ठरले. तेव्हापासून "फेकू नका, लिनक्स टाका" हा सल्ला जिकडेतिकडे ऐकू येतो.

सल्ला देणारा सहसा डोळस असतो. अंध माणसाला पडणारे प्रश्न त्याच्या डोक्यातही येत नाहीत. लिनक्स बोलेल का? मराठीत बोलेल का? इन्स्टॉल होत असताना बोलेल का? आणि एनव्हीडीए या विंडोजवरच्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) बोटांना लागलेलं वळण तिथे कामाला येईल का?

थोडक्यात सांगायचं तर लिनक्स बोलतं, इन्स्टॉल होतानाही बोलतं आणि मराठीतही बोलतं. लोक घाबरतात ते कमांडना, म्हणजे टाइप करून द्यायच्या हुकमांना, पण आपल्यासाठी खरं तर तोच सोपा भाग आहे. जड जातात त्या दोन गोष्टी: पहिला आवाज येईपर्यंतची काही मिनिटं आणि नंतर चित्रांनी भरलेल्या खिडक्या.

लिनक्स म्हणजे नेमकं काय?

लिनक्स हा संगणक चालवणारा, गाभ्याचा प्रोग्राम. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तो सुरू केला, आणि आज जगभरातले लोक तो मिळून सांभाळतात. नुसत्या गाभ्यावर आपलं काम भागत नाही. म्हणून त्याला ब्राउझर, ऑफिस, सेटिंग्ज वगैरे जोडून तयार संच बनवतात. त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही डिस्ट्रोंची नावं. खिडक्या, मेनू आणि आयकॉन यांच्या मांडणीला डेस्कटॉप म्हणतात, आणि तो बदलता येतो. नोम आणि माटे हे असे दोन डेस्कटॉप पुढे आपल्याला लागतील.

स्क्रीन रीडर स्क्रीन बघत नाही

स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरं बघून वाचतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो बघत नाही, विचारतो. शिरगणतीला घरोघर फिरणाऱ्या गुरुजींसारखं त्याचं काम चालतं. गुरुजी खिडकीतून आत डोकावत नाहीत. दारात उभे राहून तक्त्यातले ठरलेले प्रश्न विचारतात: नाव काय, कुटुंबप्रमुखाशी नातं काय, घरात माणसं किती. स्क्रीन रीडरही प्रत्येक प्रोग्रामला विचारतो: फोकस कुठे आहे, हे बटन आहे की यादी, त्याचं नाव काय, ते कोणत्या खिडकीच्या पोटात आहे. उत्तर आलं तर आपल्याला ऐकू येतं. घर बंद असेल तर रकाना कोरा राहतो, आणि आपल्या कानावर नुसतं 'बटन' पडतं.

लिनक्समध्ये या ठरलेल्या तक्त्याला एटी-एसपीआय म्हणतात, आणि तो घेऊन फिरणाऱ्या स्क्रीन रीडरचं नाव ऑर्का. काय बोलायचं ते ऑर्का ठरवतो, स्पीच डिस्पॅचर नावाचा मधला प्रोग्राम तो मजकूर पुढे पोचवतो, आणि प्रत्यक्ष आवाज काढतो तो ईस्पीक एनजी. ही साखळी लक्षात ठेवा. संगणक गप्प झाला की चूक या तिघांपैकी एकाची किंवा साउंड कार्डाची असते. ईस्पीक तुमच्या ओळखीचा आहे, कारण एनव्हीडीएसोबत येणारा तो यंत्रमानवी आवाज त्याचाच.

ऑर्काचा इतिहास इथे सांगायला हवा, कारण आजच्या त्रुटींचं मूळ त्यात आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत मार्क मल्काही या अंध प्रोग्रामरने त्याची सुरुवात केली. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली आणि तिथली सुलभतेवर काम करणारी फळी पांगली. त्यानंतर कित्येक वर्षं ऑर्काचा मुख्य भार जोआनमरी डिग्ज या एकाच बाईंनी वाहिला. एनव्हीडीएच्या मागे निदान त्यासाठीच उभी राहिलेली संस्था आहे. लिनक्समध्ये हे काम मोजक्या लोकांच्या खांद्यावर चालतं. एखादी खिडकी अडली की दुरुस्तीला वेळ का लागतो, ते यावरून कळेल.

कमांड लाइनला का घाबरायचं नाही?

कमांड लाइन किंवा टर्मिनल म्हणजे आपण एक ओळ टाइप करायची आणि संगणकाने अक्षरांत उत्तर द्यायचं. चित्र नाही, माउस नाही, कोपऱ्यात लपलेलं आयकॉन नाही. डोळस नवख्याला हा काळा पडदा भीती घालतो. आपल्याला मात्र त्यात शोधण्यासारखं काही नसतंच. विचारलं, उत्तर आलं, ऐकलं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याचं आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सस्पीक प्रसिद्ध केलं. ईमॅक्स या मजकूर-संपादकालाच त्यांनी बोलतं केलं. संपादन, ईमेल, वेब, प्रोग्रामिंग सगळं त्याच्या आतून. त्यांचा विचार असा की पडद्यावर जे दिसतं त्याचं वर्णन ऐकवत बसण्यापेक्षा माहितीच थेट आवाजासाठी घडवावी. कॅलेंडरमधल्या तारखेवर गेलात तर नुसता आकडा न ऐकवता वार, महिना, वर्ष एकत्र ऐकवायचं. ईमॅक्सस्पीक आजही चालू आहे. नवख्याने पहिल्याच दिवशी त्यात उडी घ्यावी असं मी म्हणणार नाही, पण लिनक्सवर अंध माणसाने तीस वर्षांपूर्वीच आपलं घर बांधलंय हे माहीत असावं.

डेस्कटॉप नसतानाही टर्मिनल बोलतं. स्पीकअप नावाचा स्क्रीन रीडर खुद्द लिनक्सच्या गाभ्यातच बसवलेला आहे. ब्रेल डिस्प्ले (ब्रेलचे ठिपके उठवून दाखवणारं यंत्र) असेल तर टर्मिनलमधला मजकूर त्यावर उमटवण्याचं काम बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम १९९५ पासून करतो, आणि ऑर्काही ब्रेलसाठी त्याचीच मदत घेतो.

टर्मिनलमध्ये दोन जागी हमखास अडायला होतं. प्रशासकाचा अधिकार लागणाऱ्या कमांडच्या आधी 'सुडो' लिहावं लागतं, आणि मग संगणक पासवर्ड मागतो. तो टाइप करताना बहुतेक ठिकाणी काहीही ऐकू येत नाही, 'स्टार' सुद्धा नाही. कीबोर्ड बंद पडला असं वाटून लोक तिथेच थांबतात. थांबू नका, पूर्ण टाइप करून एंटर दाबा. दुसरी अडचण लांबलचक उत्तराची. दोनशे ओळी भराभर सरकतात आणि स्क्रीन रीडर धापा टाकत मागे राहतो. अशा वेळी कमांडच्या शेवटी 'ग्रेटर दॅन'चं चिन्ह आणि एखाद्या फाइलचं नाव लिहा. उत्तर पडद्यावर न येता त्या फाइलमध्ये जातं, मग ती संपादकात उघडून सावकाश वाचा.

कमांड पाठ कराव्या लागतात का? दहा-बाराच. फाइलच्या नावाची पहिली अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं नाव संगणक भरतो, आणि वरचा बाण दाबला की आधीची कमांड परत येते. पाढ्यांपेक्षा फार सोपं.

विंडोज न पुसता आजच सुरुवात

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते, आणि माझ्या मते तीच पहिली हवी. विंडोजमध्ये पॉवरशेल (विंडोजचं स्वतःचं टर्मिनल) 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. 'डब्ल्यूएसएल', एक स्पेस, दोन हायफन आणि लगेच 'इन्स्टॉल' असं रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबा. संगणक पुन्हा सुरू झाला की विंडोजच्या पोटात खरंखुरं उबुंटू तयार होतं. डेस्कटॉप नसतो, फक्त टर्मिनल असतं, आणि ते तुमचा रोजचा स्क्रीन रीडर, एनव्हीडीए किंवा जॉज, वाचतो. इथे काही बिघडलं तरी विंडोज जागच्या जागी. महिनाभर इथे हात बसवा. सर्व्हर किंवा प्रोग्रामिंगच्या नोकरीसाठीच लिनक्स हवं असेल तर कदाचित पुढची पायरी लागणारही नाही.

डेस्कटॉपही अनुभवायचा असेल तर दुसरा, जुना लॅपटॉप वापरा. एकाच संगणकावर दोन्ही ठेवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. चालू होताना 'विंडोज की लिनक्स' विचारणारा ग्रब हा मेनू बोलत नाही. त्याला सुरांची एक धून वाजवायला लावता येतं, म्हणजे मेनू आला एवढं कळतं. पण निवड बाण मोजूनच करावी लागते.

कोणती डिस्ट्रो?

"अंधांसाठी खास बनवलेली घ्या," असं कोणीतरी सांगेल. ऐकायला बरं वाटतं, पण इतिहास वेगळं सांगतो. व्हिनक्स ही अंधांसाठीची एके काळची नावाजलेली डिस्ट्रो, तिच्याच वाटेवरची सोनार. दोन्ही बंद पडल्या. दोन-चार स्वयंसेवकांवर उभं असलेलं काम त्यांच्या नोकऱ्या-संसारात अडकतं, आणि मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. म्हणून मोठी, सगळ्यांची डिस्ट्रो घ्या. डेबियन घ्या किंवा उबुंटू माटे. उबुंटूच्या बाबतीत दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी, लांब पाठिंब्याची आवृत्तीच घ्यावी. दर सहा महिन्यांच्या नव्या आवृत्तीमागे धावणं डोळसांना परवडतं. आपलं ऑर्का त्यात कधी अडखळेल ते सांगता येत नाही.

एक अपवाद सांगतो. केरळमधून येणारी 'अ‍ॅक्सेसिबल कोकोनट' ही उबुंटू माटेवरच बेतलेली आहे, त्यामुळे खालचा पाया मोठ्या डिस्ट्रोचा राहतो. छापील पान स्कॅन करून वाचणारा प्रोग्राम आणि कीबोर्डच्या सहा कळांवर ब्रेल टाइप करण्याची सोय तिच्यात आधीपासून बसवलेली मिळते. ब्रेलवर वाढलेल्या माणसाने ती जरूर बघावी.

डेस्कटॉप माटेच का, नोम का नाही? याचं कारण वेलँड. लिनक्सवर खिडक्या दाखवण्याची जुनी पद्धत म्हणजे एक्स. तिच्यात कोणताही प्रोग्राम कोणत्याही कळीवर कान ठेवू शकतो. सुरक्षेच्या दृष्टीने ती धोक्याची, पण स्क्रीन रीडर नेमका त्यावरच जगत होता. नवी पद्धत वेलँड. तिने ते कान बंद केले, आणि ऑर्काच्या काही कळा निकामी झाल्या. मार्च २०२५ मध्ये आलेल्या नोम ४८ पासून यावर बरीच दुरुस्ती झाली आहे, आणि पुढे सगळेच वेलँडवर जाणार आहेत. माटे अजून एक्सवर चालतं, म्हणून आज तिथे खड्डे कमी.

पहिला आवाज येईपर्यंत

आता सगळ्यात अवघड जागा. लिनक्स आधी पेनड्राइव्हवर घेतात आणि तिथून संगणकावर टाकतात. संगणक चालू झाल्यावर पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी जो मेनू येतो तो संगणक बनवणाऱ्या कंपनीचा असतो, आणि तो मुका असतो. तिथे कुठलाही स्क्रीन रीडर चालत नाही. पाच मिनिटांसाठी डोळस माणूस शेजारी बसवा, किंवा 'बी माय आइज'सारख्या अ‍ॅपवर मोबाइलचा कॅमेरा पडद्याकडे धरून विचारा. त्यात कमीपणा काही नाही. विंडोज नव्याने टाकतानाही हीच भिंत लागते.

भिंत ओलांडली की डेबियनची सोय मनापासून आवडते. इन्स्टॉलरचा मेनू तयार झाला की संगणक 'बीप' देतो: जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रावर एकदा, नव्या यूईएफआयवर दोनदा. बीप ऐकली की इंग्रजी 'एस' दाबायचं आणि एंटर. थोडा वेळ शांतता, आणि मग ईस्पीक बोलू लागतो. प्रत्येक प्रश्नाचे पर्याय क्रमांकांसह वाचले जातात. हवा तो क्रमांक लिहून एंटर. मागे जायचं तर 'लेस दॅन'चं चिन्ह. डिस्कच्या प्रश्नावर मात्र दोनदा ऐका. 'एंटायर डिस्क' म्हणजे त्यावरचं सगळं पुसलं जाणार. या पद्धतीने टाकलेलं डेबियन पुढे सुरू झाल्यावरही बोलतंच.

उबुंटू माटेमध्ये पेनड्राइव्हवरूनच पूर्ण डेस्कटॉप सुरू होतो. तो सुरू झाल्यावर अल्ट, विंडोजची कळ आणि 'एस' एकत्र दाबलं की ऑर्का जागा होतो. त्याच कळांनी तो झोपतोही.

आवाज आलाच नाही तर? बऱ्याचदा संगणक बोलत असतो, पण एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला उद्देशून. मॉनिटरची तार काढून बघा. स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड जवळ असलेलं बरं. नंतर कधी मध्येच ऑर्का गप्प झाला तर अल्ट आणि एफ-दोन दाबा, रोमन अक्षरांत 'ऑर्का' लिहा, स्पेस, दोन हायफन आणि 'रिप्लेस' लिहून एंटर. अडकलेला ऑर्का बाजूला होऊन नवा सुरू होतो. हे न ऐकता, आंधळेपणाने टाइप करावं लागतं, म्हणून आधीच चार वेळा सराव करून ठेवा.

एनव्हीडीएची सवय कुठे चालते, कुठे दगा देते?

बरंच सारखं आहे. ऑर्काचीही खास कळ इन्सर्टच. लॅपटॉप मांडणी निवडली तर कॅप्स लॉक. नंबर पॅडवर सात-आठ-नऊ ओळींसाठी, चार-पाच-सहा शब्दांसाठी, एक-दोन-तीन अक्षरांसाठी. फायरफॉक्समध्ये 'एच'ने शीर्षक, 'के'ने लिंक, 'बी'ने बटन, 'टी'ने तक्ता. इथपर्यंत बोटांना काही नवं शिकावं लागत नाही.

घोळ होतो तो इन्सर्ट-स्पेसवर. एनव्हीडीएमध्ये याने वेबपानावरचा वाचनाचा आणि लिहिण्याचा मोड बदलतो. ऑर्कामध्ये त्याच कळांनी सेटिंग्जची भलीमोठी खिडकी उघडते, आणि माणूस फॉर्म भरता भरता भलतीकडेच पोचतो. मोड बदलायला ऑर्कात इन्सर्ट-ए. तसंच इन्सर्ट-टी: एनव्हीडीए खिडकीचं शीर्षक सांगतो, ऑर्का किती वाजले ते. कोणती कळ काय करते हे निवांत शिकायचं तर इन्सर्ट-एच दाबा. मग प्रत्येक कळ फक्त स्वतःचं काम सांगते, करत नाही. एस्केपने बाहेर.

मराठीचं काय?

ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे. गोड नाही, पण वेग वाढवला तरी अक्षर सुटत नाही, आणि रोजच्या कामाला ते पुरतं. ऑर्कामध्ये प्रोफाइल बनवता येतात. इंग्रजी कामासाठी एक, मराठी वाचनासाठी एक.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट निवडा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि प्रत्येक अक्षराची जागा पक्की. डोळ्यांनी कळा न शोधणाऱ्या माणसाला याहून नीटनेटका कीबोर्ड मिळणार नाही. रोमनमधून मराठी लिहिताना सुचवणीची यादी ऐकत बसावी लागते, इथे ती कटकट नाही.

एक जुनं दुखणं लिनक्सही बरं करत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधल्या मराठी फाइली, परिपत्रकं, पुस्तकांच्या पीडीएफ. डोळसाला तिथे मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं, आणि स्क्रीन रीडर ती अगम्य बडबड इमानेइतबारे वाचतो. अशा पानाचं चित्र करून टेसरॅक्ट या मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रामला द्यावं. त्याला मराठी येतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल वाचण्याजोगा येतो, जोडाक्षरांत अधूनमधून घसरतो.

"पण एनव्हीडीए मोफत असताना हा खटाटोप कशाला?"

रास्त प्रश्न आहे. फक्त ईमेल, बँक आणि वर्डच्या फाइली एवढंच काम असेल आणि संगणक विंडोज ११ पेलत असेल, तर खटाटोप करू नका. विंडोज आणि एनव्हीडीए ही जोडी आज अधिक गुळगुळीत चालते, हे लिनक्सच्या प्रेमापोटी नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडची प्रशिक्षण केंद्रंही बहुतेक तीच शिकवतात, म्हणजे अडलं तर विचारायला माणूस सापडतो.

लिनक्स हवं ते तीन प्रकारच्या लोकांना: ज्यांचा चांगला संगणक विंडोज ११ ने नाकारला आहे, ज्यांना प्रोग्रामिंग किंवा सर्व्हरच्या कामात शिरायचं आहे, आणि ज्यांना आपल्या यंत्रात काय चाललंय ते उघडून बघायची खोड आहे.

"ऑफिसचं काम अडणार नाही ना?"

लिबरऑफिस ऑर्काबरोबर चांगलं चालतं आणि वर्डच्या फाइली उघडतं. मांडणी कधी थोडी हलते. वेबसाठी फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, यांवर रोजचं काम होतं. अडतं ते फक्त विंडोजसाठी बनवलेल्या प्रोग्रामवर: काही हिशेबाची सॉफ्टवेअर, ऑफिसने ठरवून दिलेली खास साधनं. ज्या एका प्रोग्रामशिवाय तुमची नोकरी चालत नाही, तो लिनक्सवर चालतो का, आणि चालला तर ऑर्का त्याच्याशी बोलतो का, हे लॅपटॉप पुसायच्या आधी तपासा.

आणि एखादी खिडकी नुसतं 'बटन, बटन' म्हणत राहिली तर सोडून देऊ नका. तो प्रोग्राम बनवणाऱ्यांची तक्रारवही बहुधा खुली असते, तिथे थेट लिहिता येतं. लिहिताना चार गोष्टी द्या: डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, ऑर्काची आवृत्ती, एक्स की वेलँड, आणि कोणती कळ दाबल्यावर काय ऐकू यायला हवं होतं पण काय आलं. "सुलभ नाही" एवढंच लिहिलेली तक्रार पडून राहते. "फाइल मेनूनंतरच्या तिसऱ्या बटनाला नाव नाही" असं लिहिलेली एखादा प्रोग्रामर चहा पितापिता दुरुस्त करून टाकतो.